कॅनेडियन राय व्हिस्कीत राय कशी ओळखावी

बाटलीवर ‘राय’ (गव्हासारखं एक धान्य) लिहिलेलं, पण जिभेला नुसता व्हॅनिलाचा गोडवा? कॅनडाच्या नियमांत ‘राय व्हिस्की’ आणि ‘कॅनेडियन व्हिस्की’ एकच. राय धान्य किती असावं याचं बंधन नाही. म्हणून पहिल्यांदा चाखताना शंभर टक्के रायचीच घ्या. विंडसरची ‘लॉट ४०’ किंवा कॅलगरीची ‘अल्बर्टा प्रीमियम’.

१. तोंडाशी निमुळत्या ग्लासात ३० मिली ओता, दहा मिनिटं तसंच राहू द्या. बर्फ अजिबात नको, वास दबतो.

२. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. नाक झोंबत नाही आणि लवंग, मिरी, दालचिनी वेगवेगळी कळतात, मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखी.

३. छोटा घोट जिभेवर फिरवा. मग अर्धा चमचा साधं पाणी घालून पुन्हा. माझ्या मते खरी राय इथेच उलगडते.

४. रिकामा ग्लास धुऊ नका! सकाळी हुंगा. अल्कोहोल उडालेलं असतं. उरतो तो धान्याचा आणि पिंपाच्या लाकडाचा वास. सगळ्यात जास्त मी यातूनच शिकलो.

घोट कितीही छोटे असले, तरी त्यानंतर गाडी चालवू नका.