गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवताय? आधी जमिनीखालचे पाइप बघा

इंग्लंडमधली ओळखीची मंडळी मला पहिला प्रश्न विचारतात तो हाच, "पंप कुठल्या कंपनीचा घेऊ?" हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. चांगला पंप चुकीच्या पाइपांना जोडला की घर गारच राहतं आणि विजेचं बिल मात्र वाढतं.

पंप चालतो फ्रीजच्याच तत्त्वावर. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरातल्या पाण्यात सोडायची, आणि बाहेर शून्याखाली गेलं तरी हे काम होतं. पण बॉयलर रेडिएटरला, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पॅनेलला, ७० अंशांचं पाणी पाठवतो. पंप काटकसरीने चालतो तो ४५च्या आसपास. सगळी गोम या फरकात आहे.

म्हणून बॉयलर आहे तोवर एक प्रयोग कराच. बाहेर २-३ अंश असतील अशा दिवशी हीटिंगच्या पाण्याचं तापमान ५०वर आणा, हीटिंग दिवसभर चालू ठेवा आणि कुठली खोली गार राहते ते लिहून ठेवा. घरात गरम पाण्याची टाकी असेल तर एक-दोन दिवसांत प्रयोग आटोपून तापमान पूर्ववत करा. टाकीतलं पाणी ६०पर्यंत तापलं नाही तर त्यात लीजिओनेला नावाचा आजार पसरवणारा जंतू वाढू शकतो.

मग एमसीएस, म्हणजे पंप बसवणाऱ्यांसाठीचं तिथलं प्रमाणपत्र, असलेल्या दोन-तीन जणांना घर दाखवा. इंग्लंड-वेल्समधलं ७,५०० पौंडांचं अनुदान त्यांच्यामार्फतच मिळतं, अर्जही तेच करतात.

आता खरं अवघड काम. प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशोब भिंती, खिडक्या, छत मोजून व्हायला हवा. "बॉयलर २४ किलोवॅटचा आहे ना, मग पंपही मोठाच घेऊ," असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका. टाकी नसलेला कॉम्बी बॉयलर एवढा मोठा असतो तो शॉवरचं पाणी क्षणात तापवण्यासाठी. साध्या सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या) घराला कडक थंडीतही बहुतेकदा ५ ते ८ किलोवॅट पुरतात. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, वीज खातो आणि लवकर झिजतो.

रेडिएटरच्या कागदावर १००० वॅट लिहिलेले असतात, ते त्यातलं पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असतानाचे. पाणी ४५ अंशांनी आत जाऊन ४०ने परत येत असेल, तर २० अंशांच्या खोलीत तोच रेडिएटर जेमतेम ३५० वॅट देतो. त्यामुळे काही रेडिएटर मोठे, दुहेरी पत्र्याचे घ्यावे लागतात. हे बहुतेक जण सांगतात. पाइपांचं कुणी बोलत नाही. ६ किलोवॅट उष्णता नेताना बॉयलरचं पाणी २० अंशांनी गार होऊन परतत असेल तर मिनिटाला सव्वाचार लिटर पुरतं. पंपाला हा फरक ५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, म्हणजे तेवढ्याच उष्णतेला १७ लिटर, आणि एवढं पाणी बारीक पाइपातून जात नाही.

रेडिंगजवळच्या १९७०च्या दशकातल्या एका घरात मी इथेच चुकलो. रेडिएटरपाशी दिसणारा पाइप १५ मिलिमीटरचा होता, खालीही तोच असेल असं मी धरून चाललो. जानेवारीत फोन आला. गेलो तर मागच्या खोलीत त्या घरातल्या आजी दोन शाली पांघरून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेल्या. रेडिएटरला हात लावला, एक टोक कोमट, दुसरं गार. लाकडी जमिनीची फळी उचकटली आणि खाली निघाला १० मिलिमीटरचा पाइप. त्या काळच्या घरांत असे बारीक पाइप सर्रास घातलेले आहेत. नवा पाइप ओढेपर्यंत आजींना दुसऱ्या खोलीत झोपावं लागलं, ते मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून फळी उचलून पाहिल्याशिवाय मी खर्चाचा आकडा देत नाही. तुम्हीही फळी उचलायला लावा. कार्पेट खराब होईल म्हणून कुणी टाळत असेल तर ऐकू नका.

बाकीचं सोपं आहे. कॉम्बी असेल तर नव्या टाकीला जागा काढा, चौघांना २०० लिटरच्या आसपास. बाहेरच्या युनिटसमोर मोकळी हवा ठेवा आणि त्यातून गळणारं पाणी पायवाटेवर गोठणार नाही असं बघा. वीज कंपनीला कळवण्याचं काम बसवणाऱ्याचं.

स्वयंपाकाच्या गॅसचं मात्र घरात बसून आधीच ठरवा. फुलक्यांसाठी शेगडी ठेवलीत तर गॅसचा रोजचा स्थिर आकार भरतच राहाल. आमच्याकडे इंडक्शनवर लोखंडी तवा ठेवतो आणि फुलका कापडाने दाबून फुगवतो. भाकरीला जाळ नसल्याची चुटपुट आहे, पण गॅसचा मीटर मी काढून टाकला.

पंप सुरू झाल्यावर बॉयलरसारखा सकाळ-संध्याकाळ चालू-बंद करू नका. बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलणारी सोय त्यात असते, ती चालू आहे ना ते बसवणाऱ्यासमोरच बघून घ्या. इथे विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग, म्हणून एका युनिटात साडेतीन-चार युनिट उष्णता मिळायलाच हवी. पहिल्या हिवाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचं तापमान एकेक अंश उतरवत जा. खोली गार वाटली की एक अंश वर घेऊन तिथेच थांबा.