ओढ्याकाठी करंज कसा लावावा

ओढ्याचा काठ दर पावसाळ्यात ढासळत असेल, तर तेथे करंज लावावा. मूळचा आपलाच असलेला हा वृक्ष पाणथळ जमिनीत जसा तग धरतो तसाच कोरड्या उन्हाळ्यातही टिकतो, आणि त्याची आडवी पसरणारी मुळे काठाची माती धरून ठेवतात.

उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या, पूर्ण वाळून तपकिरी झालेल्या शेंगा गोळा कराव्यात. शेंग आकाराने करंजीसारखी असते आणि आत बहुधा एकच चपटे, तांबूस बी निघते. सुरकुतलेले किंवा किडलेले बी टाकून द्यावे. जुने बी नीट उगवत नाही, म्हणून त्याच हंगामातील वापरावे. रात्रभर पाण्यात भिजवून एका पिशवीत एक याप्रमाणे, बोटाच्या पेराइतके खोल, आडवे पेरावे. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो.

रोप वीतभर-फूटभर झाले की पावसाची पहिली ओल जमिनीत मुरल्यावर लावावे. मोठे रोप घेण्याचा मोह होतो; पण पिशवीच्या तळाशी ज्याचे मूळ गोल वळले आहे, असे रोप काठावर कधीच घट्ट बसत नाही. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी: पात्रात नव्हे, तर नेहमीच्या पुराची खूण जिथपर्यंत दिसते तिच्या थोडे वर, रोपांत सुमारे पाच मीटर अंतर राखून आणि दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध येईल अशा रीतीने लावावे. मधल्या मोकळ्या जागेत वाळा लावावा, कारण झाडाची मुळे पसरेपर्यंतची दोन-तीन वर्षे माती त्यानेच धरायची असते.

पाला कडवट असल्याने गुरे सहसा तोंड लावत नाहीत. शेळ्यांचा मात्र भरवसा नसतो, म्हणून काटेरी फांद्यांचे कुंपण हवेच. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पाचोळा पसरावा. पानांवर बारीक गाठी आल्या तर औषध फवारू नये. त्या सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात, त्यांनी झाड मरत नाही; उलट फवाऱ्याने पानांवरची फुलपाखरांचे सुरवंटच मरतील. उन्हाळ्यात पांढरट-जांभळा फुलोरा येतो तेव्हा मधमाश्या आणि काळे भुंगे दिवसभर फांद्यांत घोंगावतात.

शेताच्या बांधापासून मात्र करंज दूरच ठेवावा, कारण मुळांतून फुटवे येतात आणि दाट सावलीत पीक वाढत नाही.