बिशपची जुनी नोंदवही वाचायची कशी

मध्ययुगातले पाद्री अडाणी आणि दारुडे होते असं सर्रास लिहिलेलं दिसतं आणि आपण ते मान्य करून टाकतो. स्वतः तपासायचं असेल तर फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या रुआँचा आर्चबिशप (बिशपांचा प्रमुख) ओद रिगो याची नोंदवही घ्या, गावोगावच्या चर्चची तपासणी करत फिरताना जे आढळलं ते तिच्यात आहे, १२४८ ते १२६९ पर्यंतची आहे, मूळ लॅटिन, पण इंग्रजी भाषांतर १९६४ साली छापलंय त्यामुळे अडत नाही.

पण लगेच ती उघडू नका. आधी १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचे, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेचे, नियम वाचा, सगळे नको, ११, १४ ते १६ आणि २७ एवढे पुरेत. ११ वा सांगतो की कॅथेड्रलमध्ये (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) व्याकरण शिकवणारा मास्तर नेमा, आणि वर हेही कबूल करतो की ११७९ मध्ये असाच नियम केला होता पण बऱ्याच चर्चमध्ये कोणी पाळला नाही. १४ ते १६ मध्ये पाद्र्यांवरचे निर्बंध, बाई, दारू, फासे, कपडे यांबाबतचे. २७ वा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यात म्हटलंय की वाईट पाद्री ढीगभर असण्यापेक्षा चांगले थोडके असलेले बरे. हे डोक्यात ठेवून नोंदवही वाचली की कळतं रिगो नेमकं काय तपासत फिरत होता.

आता वाचताना एक शब्द पकडा, "बदनाम". अमुक गावचा पाद्री अमुक बाईवरून बदनाम आहे असं पानोपानी येतं. याचा अर्थ गावात तशी बोलवा आहे, गुन्हा सिद्ध झालाय असा नाही, बरेच जण इथेच घसरतात आणि सरळ टक्केवारी काढत बसतात. शिवाय वहीत दोषच लिहिले जायचे, नीट मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करून शांतपणे राहणाऱ्या पाद्र्याबद्दल कोण कशाला ओळ खर्च करेल? आणि दोषी सापडला की बऱ्याचदा लेखी हमी घ्यायचे, परत असं केलं तर पॅरिश (गावचं चर्च आणि तिथलं पद) सोडीन म्हणून. त्या हमीपत्रांची वेगळी यादी करा, सुधारणा प्रत्यक्षात कशी चालायची ते तिथे दिसतं.

परीक्षांच्या नोंदी मात्र सावकाश वाचा. पॅरिश मागायला आलेल्या उमेदवाराला लॅटिन उतारा द्यायचे, शब्दांची रूपं चालवायला लावायचे, अर्थ फ्रेंचमध्ये विचारायचे, गायलाही लावायचे. माणूस किती घाबरला असेल ते मला तरी दर वेळी जाणवतं. इथे सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, शोधू नका, वसई-गोव्यात आपण ज्याला सेमिनरी म्हणतो त्याचा नियम ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये केला, तोवर पोरगा गावच्या पाद्र्याकडे नाहीतर कॅथेड्रलच्या शाळेत जमेल तसं शिकायचा.

पुढे इंग्लंडकडे वळलात तर आर्चबिशप जॉन पेकमचा १२८१ चा लँबेथचा आदेश बघा, पाद्र्याने वर्षातून चार वेळा लोकांना त्यांच्या भाषेत दहा आज्ञा, सात पापं, सात साक्रामेंतं (बाप्तिस्मा, लग्न असे चर्चचे विधी) वगैरे समजावून सांगायचं. म्हणजे निदान एवढं तरी त्याला स्वतःला यायलाच हवं, ही त्या काळची किमान पातळी समजा.

१२९८ नंतरच्या इतर बिशपांच्या वह्यांमध्ये अभ्यासाच्या रजा शोधा. पोप आठव्या बोनिफेसने पॅरिशच्या पाद्र्याला सात वर्षांपर्यंत शिकायला जायची मुभा दिली, उत्पन्न चालू, गावात बदली माणूस ठेवायचा, आणि वर्षभरात सबडीकन (पाद्री होण्याच्या वाटेवरची एक पायरी) व्हायचं ही अट. नाव, गाव, किती वर्षं, अट पाळली का, असे चार रकाने आखा आणि भरत जा.