इंग्लंडमधील टॅक्सी परवाना आणि कौन्सिलची सुनावणी : या चुका टाळा

मुंबई-पुण्यात टॅक्सी चालवायची तर बॅजसाठी आरटीओची पायरी चढावी लागते. इंग्लंडमध्ये हे काम स्थानिक कौन्सिलचे परवाना खाते करते. फक्त लंडनमध्ये ते ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’कडे आहे. आपल्याकडून तिथे गेलेल्या आणि प्रायव्हेट हायर (आधी बुकिंग करूनच घ्यायची भाड्याची गाडी) चालवू पाहणाऱ्या मंडळींची पहिली गफलत इथेच होते. गाडी चालवता येते की नाही, हा प्रश्न कौन्सिलसमोर जवळजवळ नसतोच, कारण तो डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या लायसन्सने बराचसा सुटलेला असतो. स्थानिक प्रशासनविषयक १९७६ च्या कायद्यातील कलम ५१ आणि ५९ यांनुसार कौन्सिलला ठरवायचे असते ते एवढेच, की अर्जदार ‘फिट अँड प्रॉपर’ आहे का, म्हणजे अनोळखी प्रवासी त्याच्या हवाली करण्याइतका तो भरवशाचा आहे का. तशी खात्री पटल्याशिवाय कौन्सिलला परवाना देता येत नाही आणि ती खात्री पटवून देण्याचे काम अर्जदाराचे असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न चुकीचा वाचल्यामुळे होतात.

‘ते प्रकरण जुने झाले’ म्हणून रकाना कोरा ठेवणे

अर्जात पूर्वीच्या शिक्षा, पोलिसांनी दिलेली औपचारिक ताकीद, लायसन्सवरचे वाहतूक गुन्ह्यांचे पॉइंट्स आणि पूर्वी कुठे परवाना नाकारला गेला आहे का, हे सगळे विचारलेले असते. इंग्लंडच्या कायद्यात ठरावीक काळानंतर शिक्षा ‘स्पेंट’, म्हणजे इतिहासजमा झाल्यासारखी धरली जाते आणि अनेक नोकऱ्यांसाठी ती सांगावी लागत नाही. टॅक्सीचालक मात्र या सवलतीला अपवाद आहेत. त्यांची एनहान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सविस्तर सरकारी तपासणी होते आणि तिच्यात जुनी प्रकरणेही सहसा वर येतात. काही जुन्या व किरकोळ नोंदी नियमाने गाळल्या जातात हे खरे, पण आपली नोंद त्यात बसते असे स्वतःच गृहीत धरणे धोक्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. नऊ वर्षांपूर्वी दुकानातल्या छोट्या चोरीबद्दल एखाद्याला दंड झाला होता. सरकारने कौन्सिलांसाठी घालून दिलेल्या मानकांप्रमाणे अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यानंतर शिक्षा पूर्ण होऊन किमान ७ वर्षे जायला हवीत, आणि ती गेलेली आहेत. त्याने ते अर्जात लिहिले असते, तर बहुधा दोन-चार प्रश्नांवर भागले असते. त्याने ‘नाही’ असे लिहिले आणि डीबीएसमध्ये नोंद आली. आता कौन्सिलसमोरचा मुद्दा नऊ वर्षांपूर्वीची चोरी हा राहिला नाही; गेल्या महिन्यात जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर हा तो मुद्दा झाला. शिवाय खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा कलम ५७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या भानगडीपेक्षा ताजे खोटे महागात पडते, ते असे.

भारतातून आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सलग ३ महिने किंवा त्याहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या अर्जदाराकडे त्या देशाच्या वर्तणुकीच्या दाखल्याची मागणी होते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना तो दाखला पीसीसी म्हणून भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळतो. त्यासाठी लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून बाकीचे कागद जमवण्याआधीच त्याचा अर्ज टाकावा.

परवाना हातात आला की अटींचे पान न वाचणे

चालकाचा परवाना साधारणपणे ३ वर्षांचा असतो आणि त्याला जोडलेल्या अटी त्या काळात कोणी उघडूनही पाहत नाही. २०२० च्या सरकारी मानकांनुसार लैंगिक गुन्हा, अप्रामाणिकपणा, हिंसा किंवा वाहतुकीचा गुन्हा यांसाठी अटक होऊन सुटका झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली, तर ते ४८ तासांच्या आत कौन्सिलला कळवायला हवे. ‘निकाल लागू दे, मग सांगू’ हा आपल्याकडचा शहाणपणा इथे उलटतो, कारण न कळवणे हीच तक्रार होऊन बसते. हातात मोबाइल धरून गाडी चालवल्याची शिक्षा अनेकांना क्षुल्लक वाटते. मानकांत मात्र तिच्यासाठी ५ वर्षांचा आणि दारू पिऊन गाडी चालवण्यासाठी ७ वर्षांचा कालावधी सुचवलेला आहे. हे आकडे म्हणजे आंधळा नियम नव्हे, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहावेच लागते. पण आपले प्रकरण वेगळे का, हे सांगण्याची तयारी चालकाने ठेवायला हवी.

शनिवारी रात्री पबबाहेर उभ्या असलेल्या चौघांना बुकिंगशिवाय गाडीत घेणे, ही प्रायव्हेट हायर चालकांची नेहमीची घसरण आहे. रस्त्यावरून प्रवासी उचलण्याची मुभा फक्त हॅकनी कॅरेजला, म्हणजे हात दाखवून थांबवता येणाऱ्या टॅक्सीला आहे. बुकिंग नसलेल्या फेरीला विम्याचे संरक्षणही बहुधा नसते आणि विम्याशिवाय गाडी चालवल्याचे ६ ते ८ पॉइंट्स लायसन्सवर चढतात. दहा-पंधरा पौंडांच्या भाड्यासाठी हा सौदा कोणी का करावा, हे मला कधी उमगलेले नाही.

समितीसमोर घरखर्चाचे गाऱ्हाणे मांडणे

कौन्सिलच्या परवाना समितीपुढील सुनावणीच्या दिवशी चालक बहुतेक वेळा गाडीचे हप्ते, घरभाडे आणि मुलांच्या खर्चाचे कागद घेऊन येतो. माणूस म्हणून ऐकणाऱ्याला वाईट वाटतेच. तरीही लीड्स कौन्सिलविरुद्ध हुसेन या २००२ च्या निवाड्यानंतर हे स्पष्ट आहे, की परवाना गेल्याने चालकाच्या पोटावर येणारा पाय हा निर्णयाचा मुद्दा नाही. घडलेल्या वर्तनाचे स्पष्टीकरण देण्यापुरतीच वैयक्तिक परिस्थिती उपयोगी पडते. मानकांनी सदस्यांना स्वतःला एक प्रश्न विचारायला सांगितला आहे : आपल्या जिवाभावाच्या व्यक्तीला, तिची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी या माणसाच्या गाडीतून एकटीने जाऊ द्याल का? उत्तर ‘नाही’ कडे झुकत असेल, तर परवाना द्यायचा नाही. संशयाचा फायदाही अर्जदाराला मिळत नाही.

ही कठोरता ज्यांना जाचक वाटते त्यांनी रॉदरहॅम आठवावे. तिथल्या मुलींच्या लैंगिक शोषणात काही टॅक्सीचालकांचा हात होता, आणि फेब्रुवारी २०१५ मधील लुईस केसी यांच्या अहवालाने कौन्सिलच्या परवाना खात्याच्या ढिलाईवर नेमके बोट ठेवले. त्यानंतर त्या कौन्सिलचा कारभार सरकारनियुक्त आयुक्तांकडे गेला. आज कोणत्याही समितीत बसलेल्या सदस्याच्या मनात हे घर करून असते.

याच सुनावणीत आणखी दोन गैरसमज नडतात. ‘पोलिसांनी मला मुद्दाम गोवले’ असे सांगून झालेल्या शिक्षेचा खटला पुन्हा चालवण्याचा प्रयत्न करू नये. न्यायालयाच्या निकालामागे जाण्याचा समितीला अधिकारच नाही. उलट, ‘केस सुटली, म्हणजे विषय संपला’ हेही खरे नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर कौन्सिल कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहते, त्यामुळे आरोप न ठेवलेल्या तक्रारीसुद्धा तिच्या विचारात येऊ शकतात. म्हणून त्या प्रसंगाचा क्रमवार लेखी वृत्तांत, बुकिंगच्या नोंदी, डॅशकॅमचे चित्रण आणि त्यानंतर केलेल्या प्रशिक्षणाचे दाखले न्यावेत. चूक झाली असेल तर ती सरळ कबूल करून आता काय बदलले ते सांगावे.

पत्रावरची तारीख न पाहणे

परवाना निलंबित किंवा रद्द झाल्याचे पत्र आले, की आधी दोन गोष्टी शोधाव्यात : ते कधी बजावले गेले आणि निर्णय कधीपासून लागू आहे. मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करायला २१ दिवस मिळतात. कौन्सिलच्या अधिकाऱ्याशी ईमेलवर चाललेल्या वाटाघाटींनी ही मुदत थांबत नाही, आणि मुदत टळल्यावर उत्तम बाजूही पडून राहते. सर्वसाधारणपणे निर्णय २१ दिवसांनी लागू होतो आणि अपील केले तर त्याच्या निकालापर्यंत काम चालू ठेवता येते. पण सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तो तत्काळ लागू केल्याचे पत्रात म्हटले असेल, तर अपील दाखल केल्यानंतरही गाडीला हात लावता येत नाही. हे एक वाक्य न वाचता दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारणारा चालक स्वतःच्याच अपिलाचे नुकसान करतो.

कौन्सिलही चुकते. चौकशी पूर्ण होईपर्यंत तात्पुरते निलंबन करायचे आणि मग सवडीने ठरवायचे, ही पद्धत कार्डिफच्या २०१२ च्या प्रकरणात उच्च न्यायालयाने चुकीची ठरवली. निलंबन हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा लागतो. म्हणून कारणे लेखी मागून घ्यावीत आणि वकिलाला ती आधी दाखवावीत. खर्चाचा अंदाजही त्याच वेळी विचारावा, कारण कौन्सिल प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर वागली असेल, तर अपील जिंकूनही वकिलाची फी तिच्याकडून मिळेलच असे नाही.

शेजारच्या कौन्सिलमध्ये नव्याने नशीब आजमावणे

एका कौन्सिलचा परवाना घेऊन प्रायव्हेट हायर चालक दुसऱ्या शहरातही फेऱ्या करू शकतो, त्यामुळे एकीकडे नकार मिळाला की दुसरीकडे अर्ज टाकण्याची जुनी रीत होती. २०२२ च्या कायद्याने ती वाट बरीच अडवली आहे. सुरक्षेच्या कारणांवरून परवाना नाकारला, निलंबित केला किंवा रद्द केला, तर त्याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे आणि नवा अर्ज आल्यावर ती नोंदवही तपासणे इंग्लंडमधील कौन्सिलांना एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. ही नोंद ११ वर्षे राहते. नोंद असणे म्हणजे आपोआप नकार नव्हे. नवी कौन्सिल जुन्या कौन्सिलकडून कारणे मागवते आणि स्वतःचा निर्णय घेते. अर्जातल्या ‘यापूर्वी परवाना नाकारला गेला आहे का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहून, सोबत जुने निर्णयपत्र आणि त्यानंतरच्या वर्तणुकीचे पुरावे जोडलेल्या अर्जाचा विचार निदान त्याच्या गुणदोषांवर तरी होतो.