काळे पडलेले पैंजण पाच मिनिटांत उजळा

हुपरीचे चांदीचे पैंजण काळे पडले की टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात.

१. स्टीलच्या खोलगट पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा. त्यावर पैंजण ठेवा. कडी फॉइलला टेकली नाही तर तेवढीच काळी राहते.
२. १ चमचा मीठ, १ मोठा चमचा खायचा सोडा भुरभुरवा.
३. १ लिटर उकळतं पाणी हळूहळू ओता, सोडा फसफसतो. कोमट पाण्यात हेच काम रेंगाळतं.
४. ५ मिनिटांनी काढा, धुऊन सुती कापडाने पुसा.

कुजक्या अंड्यासारखा वास येईल. काळा थर सुटतोय, घाबरू नका. फॉइल काळवंडलं की बदला.

मोती, मीनाकाम किंवा मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर हा प्रयोग नको, नक्षीच पुसट होते.