'हाइ' म्हणायच्या आधी

दहावीनंतर एक्स्चेंजवर जपानला निघालेल्या, किंवा फॉर्म भरून निकालाची वाट बघत बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या येतात, एन-5 (जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी) झाली आहे किंवा होईल, एवढं धरून चालते.

मी आठवीत शाळेत जपानी घेतलं. पुण्यात त्यात नवल नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, तिथे आमची सहलही गेली होती. पुढे मला होस्ट घर मिळालं ते नेमकं ओकायामातच. एन-5 ला 180 पैकी 80 गुणांना पास करतात, मला त्याहून बरेच जास्त होते. घरी पेढे वाटले. त्या परीक्षेत बोलायचा भागच नसतो, हे तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही.

शाळेत तीन वर्षांत 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचे सोळा धडे झाले. पहिल्या भागात एकूण 25 आहेत. उरलेले मी एका क्लासमध्ये परीक्षेपुरते महिन्याभरात उरकले. घरात, मित्रांत जसं बोलतात ती साधी रूपं विसाव्या धड्यात येतात. तो धडा आम्ही एका रविवारी सकाळी दोन तासांत संपवला, 'यावर फार प्रश्न येत नाहीत' म्हणून. मी क्रॅश कोर्सवाल्यांवर आजही चिडून आहे, ते यासाठी. सतरा ते वीस हे धडे कोणी भरभर घेत असेल तर थांबवा आणि पुन्हा शिकवायला सांगा. लाजू नका.

आता झालं काय ते सांगते. दुसरा आठवडा. सकाळी मी दारात बसून बूट घालत होते. होस्ट आई डब्याला रुमालाची गाठ मारता मारता म्हणाली, "बानगोहान, ताबेन नो?" मला 'बानगोहान' म्हणजे रात्रीचं जेवण कळलं, 'ताबे' म्हणजे खाणं कळलं, शेवटी आवाज वर गेला तोही कळला. मी जोरात "हाइ!", म्हणजे 'हो', म्हटलं आणि निघाले. शाळेनंतर क्लबचा सराव होता, घरी यायला आठ वाजले. टेबल पुसलेलं, भांडी घासून उपडी घातलेली. आई हसून म्हणाली, अंघोळीचं पाणी तयार आहे. मी भुकेल्या पोटी अंघोळ करून खोलीत गेले आणि पुण्याहून आणलेल्या चिवड्याची पिशवी फोडली.

तिने विचारलं होतं, "रात्री जेवणार नाहीस ना?" क्लबच्या मुलींबरोबर बाहेर खाईन, असं तिला वाटलं होतं. आणि मी 'हो' म्हटलं.

इथे तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या नीट सुट्या करून बघा. पहिली: शाळेत आपण 'ताबेमासेन' शिकतो, घरात 'ताबेनाइ' म्हणतात, आणि ओकायामासारख्या पश्चिमेकडच्या भागात त्या 'नाइ'चा नुसता 'न' उरतो: ताबेन. अख्खा नकार त्या एका अनुनासिकात असतो, आणि मी तो ऐकलाच नाही. दुसरी: नकारार्थी प्रश्नाला 'हाइ' म्हटलं की 'तुम्ही म्हणता ते बरोबर, जेवणार नाही' असा अर्थ होतो. मराठीत "जेवणार नाहीस का?" असं विचारलं तर आपण "हो, जेवणार आहे ना!" म्हणून मोकळे होतो. ती सवय तिकडे नेऊ नका. जेवायचं असेल तर 'इइए, ताबेमासु', म्हणजे आधी 'नाही', मग 'जेवणार'. तिसरी: जपानी माणूस समोरच्याचं ऐकताना 'हाइ, हाइ' करत असतो, त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच. आपण ते उचलतो आणि न कळलेल्या प्रश्नालाही तेच म्हणतो.

उपाय आपल्याच घरातला आहे. "जेवलीस का?" विचारलं तर आपण 'हो' कुठे म्हणतो? 'जेवले' म्हणतो. तिथेही क्रियापदानेच उत्तर द्या. ताबेमासु (जेवणार). इकिमासु (जाणार). इकिमासेन (जाणार नाही). हो-नाहीच्या भानगडीतच पडू नका.

दहाच्या सुमारास आईला खोलीत दिवा दिसला, ती डोकावली, तिने चिवड्याची पिशवी पाहिली. काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. हात ओले केले, तळव्याला मीठ लावलं, गरम भात घेऊन तीन-चार वेळा फिरवून दाबला, मध्ये आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ. असे दोन ओनिगिरी. मी खाताना रडत होते. मग तिने कागदावर 'ताबेरु' लिहून पुढे गोल काढला, 'ताबेन' लिहून पुढे फुली मारली. तो कागद माझ्याकडे आहे.

घाबरू नका. मराठी मुलांना ही भाषा जवळची आहे, हे मी मनापासून सांगते. क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय, सगळं ओळखीचं. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणं', 'शिते ओकु' म्हणजे 'करून ठेवणं'. 'त्सु' हा उच्चार तर 'चूल'मधल्या च-चाच. इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात की हेच अवघड होतं, म्हणून व्याकरणाची वही मराठीत ठेवा.

पण वर्ष जातं, हेही ऐकून ठेवा. परत आले तेव्हा मैत्रिणी बारावीत होत्या आणि मी पुन्हा अकरावीत बसले. आईवडिलांशी हे आधी बोला. शाकाहारी असाल तर फॉर्मवर 'मांस-मासे खात नाही' एवढं पुरत नाही. दाशी चालतं की नाही ते वेगळं लिहा, कारण सुक्या माशाचं ते पाणी मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असतं. टबात बाहेर अंग धुऊनच उतरायचं आणि पाणी सोडायचं नाही, ते सगळ्या घराचं असतं. वाढताना 'दाइजोबु' म्हणालात तर 'पुरे' असा अर्थ होतो, आणि खरंच वाढत नाहीत.

"तिथे गेलं की आपोआप येतं," असं सांगणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. मला पहिले तीन महिने काहीही आपोआप आलं नाही. आनिमे बघून आलेलं बोलणं होस्ट आजोबांपुढे तर अजिबात काढू नका. भाषांतराचं अ‍ॅप दवाखान्यापुरतं ठेवा, जेवणाच्या टेबलावर फोन काढला की समोरचं माणूस बोलायचं थांबतं.

जायच्या आधी एकच वाक्य घोकून ठेवा: "मोउ इचिदो, युक्कुरि ओनेगाइशिमासु." पुन्हा एकदा, सावकाश सांगा. आरशासमोर म्हणा, बसमध्ये म्हणा. न कळलेल्या प्रश्नाला तोंडून 'हाइ'च्या आधी हे निघायला लागेपर्यंत म्हणत राहा.