स्क्रीनचा रंग आणि ब्राइटनेस बदलणारी सॉफ्टवेअर : या चुका टाळा

स्क्रीन दिवसाही पिवळट दिसते, काळा रंग राखाडी वाटतो, ब्राइटनेस आपोआप वर-खाली होतो, लग्नाच्या अल्बमची प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते. यातली कुठलीही तक्रार असली की बहुतेक जण आणखी एखादं सॉफ्टवेअर डाउनलोड करतात. गुंता तिथून वाढत जातो. बिघाड नेमका कुठे आहे हे आधी शोधायला हवं, कारण स्क्रीनवरचा रंग किंवा उजेड एका नव्हे, तीन वेगळ्या ठिकाणी बदलता येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे पॅनलमागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट. दुसरं, ग्राफिक्स कार्डमधला गॅमा तक्ता. चित्र तयार झाल्यावर मॉनिटरकडे जाताना लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे आकडे या तक्त्यातून बदलून जातात. संध्याकाळनंतर स्क्रीन पिवळसर करणारी फ्लक्स, रेडशिफ्ट ही सॉफ्टवेअर आणि विंडोजचं नाइट लाइट इथे काम करतात. तिसरं, मॉनिटरचा स्वतःचा मेनू. त्यात कलर टेंपरेचर (पांढरा रंग पिवळट की निळसर दिसावा हे ठरवणारा, केल्विनमध्ये मोजला जाणारा आकडा), इको मोड, लो ब्लू लाइट वगैरे पर्याय असतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवर तो स्वच्छ दिसला तर फाइलमध्ये दोष नाही; रंग त्यानंतर, गॅमा तक्त्यात किंवा मॉनिटरमध्ये बदलतोय. आता तोच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तरीही पिवळा असेल तर मॉनिटरच्या मेनूत जाऊन फॅक्टरी रीसेट करा. पिवळेपणा गेला तर दोष पहिल्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. एवढं पाच मिनिटांत कळतं, आणि पुढचा अर्धा दिवस वाचतो.

ब्राइटनेसच्या नावाखाली फक्त काळा थर चढवणं

डेस्कटॉपच्या वेगळ्या मॉनिटरला विंडोज सहसा ब्राइटनेसची पट्टी देत नाही. मग लोक स्क्रीन 'डिम' करणारं एखादं हलकं सॉफ्टवेअर टाकतात. ते बॅकलाइटला हातही लावत नाही, फक्त चित्राचे आकडे कमी करतं. दिवा पूर्ण जळतच राहतो, त्यामुळे वीज तेवढीच लागते. एलसीडीवरचा काळा रंग आधीइतकाच राखाडी राहतो आणि पांढरा मात्र मळतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट घटतो. शिवाय ८ बिटच्या स्क्रीनवर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. ब्राइटनेस असा ७० टक्क्यांवर आणला की जेमतेम १८० उरतात, आणि आकाशाच्या फोटोत किंवा ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसू लागतात. लिनक्समध्ये एक्सरॅंडर या डिस्प्ले सेटिंगच्या कमांडचा ब्राइटनेस पर्यायही हेच करतो, ०.७ लिहिल्याने दिवा मंद होत नाही.

खरा ब्राइटनेस बदलायचा तर डीडीसी/सीआय वापरा. मॉनिटरच्या केबलमधूनच त्याला आज्ञा पाठवायची ही सोय आहे. आधी मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय 'ऑन' करा. अनेकदा ते बंद असतं. मग विंडोजवर ट्विंकल ट्रे किंवा मॉनिटोरियन, मॅकवर मॉनिटरकंट्रोल, लिनक्सवर डीडीसीयुटिल. डीडीसीयुटिल वापरताना आय२सी-डेव्ह हे मॉड्यूल लोड केलेलं हवं, नाहीतर मॉनिटर सापडतच नाही. त्याच्या आज्ञेत ब्राइटनेसचा कोड १० आहे आणि कॉन्ट्रास्टचा १२.

एवढं करूनही पट्टी हलत नसेल तर मध्ये काय जोडलंय ते बघा. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा ॲडॅप्टर, केव्हीएम स्विच (एकाच मॉनिटर-कीबोर्डवर दोन कॉम्प्युटर चालवणारा) किंवा यूएसबी डॉक यांत ही आज्ञा अनेकदा अडते. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर बहुतेक टीव्ही ती ऐकतच नाहीत. मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट किंवा इको मोड चालू असला तरी ब्राइटनेस कुलूपबंद होतो. तो मोड आधी बंद करा.

सॉफ्टवेअरने मंद करणं योग्य ठरतं ते एका ठिकाणी. काही पॅनल कमी ब्राइटनेसवर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड घटवतात आणि त्याने काहींचं डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरल्यावर सरकते काळे पट्टे दिसले तर तशी शक्यता आहे. अशा वेळी मॉनिटरच्या दिव्याचा ब्राइटनेस, पट्टे नाहीसे होतील इतका, वर ठेवा आणि उरलेली घट सॉफ्टवेअरने करा.

एकाच तक्त्यावर दोघांनी लिहिणं

नाइट लाइट विंडोज १० मध्ये २०१७ साली आलं. त्याआधीपासून फ्लक्स वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर आजही दोन्ही चालू सापडतात. दोघंही तोच गॅमा तक्ता लिहितात, म्हणून रंग मध्येच उडी मारतो, संध्याकाळी स्क्रीन लुकलुकते किंवा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त नारिंगी होते. त्यात मॉनिटरचा लो ब्लू लाइट मोडही चालू असेल तर वहीचं पान हळदीत बुडवल्यासारखं दिसतं. एकच ठेवा. मॉनिटर ६५०० केल्विनवर किंवा 'स्टँडर्ड' मोडवर आणा, नको असलेलं सॉफ्टवेअर स्टार्टअपमधून काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

झोपेतून जागा केल्यावर रंग अडकला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते. उघडी कामं बंद पडत नाहीत. नाइट लाइटचा पर्यायच निष्क्रिय दिसत असेल तर कॉम्प्युटर विंडोजच्या कामचलाऊ 'बेसिक डिस्प्ले' ड्रायव्हरवर किंवा डिस्प्लेलिंक डॉकवर (यूएसबीतून चित्र पाठवणाऱ्या) चालतोय का ते तपासा. या दोन्हींवर नाइट लाइट मिळत नाही.

आणि पिवळा रंग म्हणजे डोळ्यांना विश्रांती, असं समजून ब्राइटनेस १०० टक्क्यांवर ठेवू नका. अंधाऱ्या खोलीत खुपतो तो मुख्यतः उजेड.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल

रेडशिफ्टला ठिकाण हाताने देताना आधी अक्षांश, मग रेखांश लिहायचे. पुण्यासाठी १८.५:७३.९. उलटं लिहिलं तर सॉफ्टवेअर तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात नेऊन ठेवतं. तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही, म्हणून स्क्रीन रात्री पिवळी होतच नाही. डिसेंबरात तो उगवत नाही, म्हणून दिवसभर पिवळी राहते. 'उन्हाळ्यात चालत नव्हतं, हिवाळ्यात अडकलं' अशी तक्रार असेल तर आधी हे दोन आकडे बघा. विंडोजमध्ये सूर्यास्त ते सूर्योदय हा पर्याय राखाडी असेल तर लोकेशन बंद आहे. रात्रपाळी करणाऱ्यांनी सूर्याच्या मागे न लागता झोपेच्या दोन तास आधीची वेळ हाताने भरावी.

रेडशिफ्ट वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर, चालत नाही. नव्या उबुंटूत जीनोमचं स्वतःचं नाइट लाइट वापरा.

प्रिंट काळी येते, दोष प्रिंटरला

अल्बम, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्यांकडून ही चूक सर्वांत जास्त होते, आणि पैशांचं नुकसानही इथेच होतं. प्रिंटसाठी फोटो सुधारताना पांढऱ्याचा उजेड १०० ते १२० निट्सच्या (निट हे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आसपास हवा. ३०० निट्सचा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर असेल तर हा उजेड किमान अडीचपट होतो. त्या झगमगाटात गडद फोटोही उजळ भासतो, आपण तो आणखी खाली खेचतो आणि कागदावर चेहरे काळवंडतात.

स्क्रीनचा रंग आणि उजेड मोजणारं मीटर असेल तर क्रम असा : मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. नाइट लाइट, फ्लक्स आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. मॉनिटरच्या बटणांनी ब्राइटनेस १२० निट्सवर आणा. मग ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ ठेवून डिस्प्लेकॅलसारख्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल, म्हणजे त्या मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेली फाइल, बनवा. त्यानंतर मॉनिटरच्या ब्राइटनेसला, कॉन्ट्रास्टला हात लावला की ते प्रोफाइल त्या स्थितीचं राहत नाही. मीटर नसेल तर ज्या उजेडात प्रिंट बघणार त्या उजेडात कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं पान त्याच्याइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

त्याच मॉडेलचं दुसऱ्याचं प्रोफाइल इंटरनेटवरून उतरवून लावू नका. एकाच मॉडेलचे दोन पॅनलही हुबेहूब सारखे नसतात. असं प्रोफाइल आधीच लावलं असेल तर विंडोजच्या रन खिडकीत कलरसीपीएल (colorcpl) असं इंग्रजीत लिहा, मॉनिटर निवडा आणि ते काढून टाका.

राखाडी काळा, आपोआप मंद होणारी स्क्रीन

एचडीएमआय लावल्यावर ग्राफिक्स कार्ड कधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतं. काळा धुरकट होतो, पांढरा मंदावतो. लोक कॉन्ट्रास्ट आणि गॅमा वाढवत बसतात, त्याने सावल्यांतला तपशील जातो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल' करा. एएमडीत पिक्सेल फॉरमॅट आरजीबी ४:४:४ फुल निवडा. मॉनिटरच्या मेनूतली आरजीबी रेंजही तीच हवी.

लॅपटॉपवर गडद खिडकी उघडली की उजेड घटतो आणि पांढरी उघडली की वाढतो, तेव्हा दोष सेन्सरचा नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी चित्र पाहून ब्राइटनेस बदलला जातो. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंगमधल्या ब्राइटनेसशेजारचा बाण उघडून 'बेस्ड ऑन कंटेंट' हा पर्याय 'ऑफ' करा. तरीही थांबलं नाही तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टम, मग पॉवर, आणि 'ऑन बॅटरी'खालचं डिस्प्ले पॉवर सेव्हिंग बंद करा. एएमडीवर याचं नाव व्हारी-ब्राइट.

स्क्रीन एकाएकी कृष्णधवल झाली तर ड्रायव्हर बदलू नका. विंडोज, कंट्रोल आणि सी चुकून दाबलं गेलं असेल. तेच पुन्हा दाबा. रंग परतल्यावर ॲक्सेसिबिलिटीच्या कलर फिल्टर्समध्ये जाऊन त्या शॉर्टकटची परवानगी काढून टाका.